दिनदर्शिकेत आठवडा आणि साप्ताहिक सुट्टी कशी मांडावी: गावपातळीच्या सॉफ्टवेअरसाठी टप्प्याटप्प्याने

पतसंस्था, शेतकरी उत्पादक कंपनी, जिनिंग, दूध संकलन केंद्र किंवा ग्रामपंचायत यांच्यासाठी लहान-मोठे सॉफ्टवेअर तयार करणारे तरुण आता विदर्भातील तालुक्याच्या गावांतही आहेत. त्यांच्या कामात एक चूक वारंवार आढळते. 'आठवडा' नावाची एकच सेटिंग केली जाते आणि पडद्यावरील मांडणी, साप्ताहिक सुट्टी, मजुरीचा हिशोब व बाजाराचा दिवस हे सगळे तिच्याच भरवशावर सोडले जाते. मग बँक बंद असलेल्या शनिवारी कर्जाच्या हप्त्याची तारीख पडते, मजुराची एका दिवसाची हजेरी दोन आठवड्यांच्या फटीत हरवते, आणि संस्थेचे लोक पुन्हा वहीकडे वळतात. या चार गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्याच साठवाव्या लागतात. ते कोणत्या क्रमाने करावे, हे पुढे दिले आहे.

## पूर्वतयारी: कोड लिहिण्याआधी विचारायचे प्रश्न

संगणक उघडण्यापूर्वी संस्थेत जाऊन पुढील चार प्रश्नांची उत्तरे कागदावर घ्यावीत.

१. भिंतीवरील किंवा पडद्यावरील महिना पाहताना लोकांना पहिला कोणता वार अपेक्षित असतो?
२. संस्था कोणत्या दिवशी बंद असते, आणि तो दिवस पूर्ण बंद असतो की अर्धा?
३. हजेरी, मजुरी किंवा संकलनाचा हिशोब कोणत्या वारी सुरू होऊन कोणत्या वारी बंद होतो?
४. गावाचा आठवडी बाजार कोणत्या वारी भरतो, आणि संस्थेशी व्यवहार करणाऱ्या आसपासच्या गावांचे बाजार कोणत्या वारी असतात?

ही उत्तरे केवळ अध्यक्ष किंवा व्यवस्थापक यांच्याकडून घेऊन थांबू नये. हजेरीची वही ज्या दिवाणजीच्या हाती असते आणि चुकारा जो प्रत्यक्ष वाटतो, त्यांच्याकडूनही तीच उत्तरे घ्यावीत. वरच्या खुर्चीवरून मिळणारे उत्तर बहुधा नियमाचे असते, तर वहीतून मिळणारे उत्तर व्यवहाराचे असते, आणि सॉफ्टवेअर चालवावे लागते ते व्यवहारावर.

तपासणी: मागील तीन महिन्यांची वही चाळून पाहावी. सुट्टी सांगितलेल्या वारी हजेरी लागलेली दिसली, तर प्रश्न पुन्हा विचारावा.

## टप्पा १: वारांचे क्रमांक एकदाच ठरवा

प्रत्येक साधन वारांना आपापल्या पद्धतीने क्रमांक देते. जावास्क्रिप्टमध्ये रविवार ० आणि शनिवार ६ असतो. पायथनच्या नेहमीच्या फंक्शनमध्ये सोमवार ० असतो. जावाच्या जुन्या कॅलेंडर वर्गात रविवार १, तर नव्या तारीख-लायब्ररीत (लायब्ररी म्हणजे इतरांनी लिहिलेला, तयार मिळणारा कोड) सोमवार १ असतो. मायएसक्यूएलमध्ये तर एकाच डेटाबेसमध्ये दोन फंक्शने आहेत: एकात रविवार १ येतो, दुसऱ्यात सोमवार ०. एक्सेलचे वार सांगणारे सूत्र काही न सांगता वापरले, तर रविवारला १ म्हणते.

म्हणून साठवणीसाठी एकच पद्धत निवडावी. सोमवार १ ते रविवार ७ ही आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाची पद्धत सर्वांत सोयीची आहे, कारण तिच्यात शून्य नाही आणि त्यामुळे रिकामा रकाना व रविवार यांची गल्लत होत नाही. बाहेरून येणारा प्रत्येक क्रमांक आत घेतानाच या पद्धतीत बदलावा आणि त्यासाठी एकच फंक्शन ठेवावे.

सावधान: येथे निवडलेला सोमवार हा केवळ साठवणीचा १ आहे. त्यावरून आठवडा सोमवारी सुरू होतो, असा अर्थ पुढील कोणत्याही टप्प्यात काढू नये.

## टप्पा २: पडद्यावरचा पहिला वार प्रदेशावरून घ्या

महिना दाखवताना पहिला रकाना कोणत्या वाराचा असावा, हे भाषेवरून ठरत नाही, प्रदेशावरून ठरते. यूनिकोडच्या सीएलडीआर या सामायिक माहितीसंग्रहात भारतासाठी आठवड्याचा पहिला वार रविवार दिलेला आहे. बहुतेक फोन, ब्राउझर आणि लायब्ररी हीच माहिती वापरतात. आपल्याकडील भिंतीवरच्या दिनदर्शिकांतही रविवार आधी असतो. मात्र त्यांतील अनेकांत वार डावीकडे उभे लिहिलेले असतात आणि तारखा वरून खाली उतरतात. वयस्कर सभासदांसाठी छापील पत्रक काढायचे असल्यास ही उभी मांडणी ठेवणे उपयोगी पडते, कारण त्यांची नजर तिलाच सरावलेली आहे.

चूक होते ती अशी: पडदा इंग्रजीत ठेवायचा म्हणून लोकेल, म्हणजे भाषा आणि प्रदेश यांची एकत्र सेटिंग, ब्रिटनचे निवडले जाते आणि आठवडा नकळत सोमवारपासून सुरू होतो. भाषा कोणतीही असो, प्रदेश भारतच ठेवावा. एखाद्या संस्थेला सोमवार आधी हवा असेल, तर लोकेल बदलू नये. पहिल्या वाराची स्वतंत्र सेटिंग द्यावी आणि तिचा परिणाम फक्त मांडणीवर होऊ द्यावा.

तपासणी: ही सेटिंग बदलून मजुरीचा अहवाल पुन्हा काढावा. एका रुपयाचाही फरक पडला, तर मांडणी आणि हिशोब कुठेतरी एकमेकांत अडकलेले आहेत.

## टप्पा ३: साप्ताहिक सुट्टी नियमांच्या टेबलमध्ये ठेवा

सर्वाधिक वेळ या टप्प्याला द्यावा लागतो. सीएलडीआरमध्ये भारताची साप्ताहिक सुट्टी फक्त रविवार आहे, तर अनेक तयार लायब्ररी काहीही न विचारता शनिवार-रविवार धरून चालतात. एक्सेलमधील कामकाजाचे दिवस मोजणारे साधे नेटवर्कडेज सूत्रही शनिवार-रविवार वगळते; त्याच्या 'इंटल' जोडलेल्या प्रकारात सोमवारपासून सुरू होणारी सात अंकांची मालिका देता येते, ज्यात १ म्हणजे सुट्टी. पण आपल्या तालुक्याची स्थिती या कोणत्याही एका उत्तरात मावत नाही. एकाच रस्त्यावरील कार्यालयांकडे पाहा.

बँकांना १ सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी आहे. पहिला, तिसरा आणि पाचवा शनिवार पूर्ण कामाचा असतो. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, परंतु शाळा आणि अत्यावश्यक सेवा त्यातून वगळल्या गेल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शनिवारी सकाळची शाळा असते. दुकानांबाबत राज्याच्या २०१७ च्या कायद्याने आठवड्याचे सातही दिवस दुकान उघडे ठेवण्याची मुभा दिली, आणि साप्ताहिक सुट्टीचा हक्क प्रत्येक कामगाराकडे ठेवला. म्हणजे तेथे सुट्टी दुकानाला नव्हे, व्यक्तीला जोडावी लागते.

यासाठी टेबलच्या प्रत्येक ओळीत पुढील गोष्टी असाव्यात: नियम कोणाला लागू आहे (संस्था, शाखा किंवा व्यक्ती), वार, महिन्यातील कितवा वार (रिकामे असल्यास प्रत्येक), पूर्ण बंद की अर्धा दिवस, अर्धा असल्यास कामाची वेळ, लागू होण्याची तारीख, संपण्याची तारीख, आणि आधार म्हणजे आदेश किंवा ठराव. शेवटचा रकाना अनेक जण गाळतात. तो गाळू नये, कारण दोन वर्षांनी लेखापरीक्षक 'हा शनिवार बंद का धरला' असे विचारतात, तेव्हा त्याच रकान्यातून उत्तर द्यावे लागते.

### कितवा शनिवार हे कसे काढावे

महिन्याच्या तक्त्यातील ओळ मोजून दुसरा शनिवार ठरवणे ही सर्वांत फसवी चूक आहे, कारण ती वर्षातील बहुतेक महिने बरोबर उत्तर देते. तक्ता सोमवारपासून सुरू होत असेल आणि महिन्याची १ तारीख रविवारी येत असेल, तर पहिल्या ओळीत केवळ तो रविवार राहतो, आणि पहिला शनिवार दुसऱ्या ओळीत जातो. फेब्रुवारी, मार्च आणि नोव्हेंबर २०२६ हे असे महिने आहेत. फेब्रुवारी २०२६ मध्ये ओळ मोजणारा कोड ७ तारखेला बँक बंद सांगेल, प्रत्यक्षात दुसरा शनिवार १४ तारखेला आहे.

योग्य रीत साधी आहे. तारखेतून १ वजा करावा, ७ ने भागून पूर्णांक घ्यावा आणि त्यात १ मिळवावा. दुसरा शनिवार नेहमी ८ ते १४ या तारखांत आणि चौथा २२ ते २८ या तारखांतच येतो.

### जुनी ओळ पुसू नये

नियम बदलला की जुन्या ओळीला संपण्याची तारीख द्यावी आणि नवी ओळ घालावी. राज्य शासनाच्या कार्यालयांचे उदाहरण येथे नेमके उपयोगी पडते. फेब्रुवारी २०२० मध्ये शनिवार पाच होते: १, ८, १५, २२ आणि २९. जुन्या नियमाने (दुसरा व चौथा शनिवार बंद) ८ आणि २२ बंद, नव्या नियमाने २९ बंद, आणि १ व १५ कामाचे. जुनी ओळ पुसून नवी लिहिणारे सॉफ्टवेअर पाचही शनिवार बंद दाखवते, आणि त्या महिन्याची हजेरी चुकीची ठरते.

### सण वेगळ्या टेबलमध्ये

पोळा श्रावण अमावास्येला आणि तान्हा पोळा त्याच्या दुसऱ्या दिवशी येतो. इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. जिल्हाधिकारी आपल्या जिल्ह्यापुरत्या स्थानिक सुट्ट्याही जाहीर करतात, म्हणून शेजारच्या दोन जिल्ह्यांतील शाखांची यादी एकसारखी असेल असे धरता येत नाही. अशा सुट्ट्या वर्षागणिक, तारखेसह, जिल्ह्यासह हाताने भराव्यात. तिथी काढणारा कोड लिहिण्याच्या मोहात पडू नये. सुट्टी तिथीमुळे येत असली, तरी ती लागू होते अधिसूचनेतील तारखेला.

निर्णय घेताना क्रम असा ठेवावा: आधी साप्ताहिक नियम, त्यावर सणांची यादी, आणि सर्वांत शेवटी 'आज अपवाद म्हणून चालू' किंवा 'आज अपवाद म्हणून बंद' अशी संस्थेची नोंद. शेवटची नोंद सर्वांवर मात करते. कापसाच्या हंगामात जिनिंग रविवारीही चालवावी लागते, तेव्हा हीच नोंद कामाला येते.

सावधान: पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. बँकेचे शनिवार तिला आपोआप लावू नयेत. संचालक मंडळाचा ठराव पाहूनच ओळ भरावी.

## टप्पा ४: हिशोबाचा आठवडा स्वतंत्र ठेवा

बाजार बुधवारी भरत असेल, तर शेतमजुरांचा हिशोब मंगळवारी संध्याकाळी बंद करून बुधवारी सकाळी चुकारा देण्याची रीत सोयीची पडते, कारण बाजाराला निघताना पैसा हातात लागतो. असा हिशोबाचा आठवडा बुधवार ते मंगळवार असतो. कारखान्यांसाठी १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आठवडा शनिवारी रात्रीच्या मध्यरात्रीपासूनचे सात दिवस असा सांगितला, आणि लेखी मंजुरीने दुसरी रात्र निवडण्याची सोयही ठेवली. कायद्यालाही जी लवचिकता आवश्यक वाटली, ती आपल्या कोडमध्ये असलीच पाहिजे.

कोणतीही तारीख कोणत्या हिशोब-आठवड्यात पडते, हे काढण्यासाठी त्या दिवसाच्या वार-क्रमांकातून आरंभ-वाराचा क्रमांक वजा करावा, ७ मिळवावे आणि ७ ने भागून बाकी घ्यावी. तितके दिवस मागे गेले की आठवड्याची सुरुवात मिळते. सोमवार (१) आणि आरंभ बुधवार (३) असेल, तर बाकी ५ येते, आणि पाच दिवस मागे बुधवारच आहे. ७ मिळवणे विसरू नये, कारण जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये ऋण संख्येची बाकीही ऋण येते.

आरंभ-वार बदलतो तेव्हा खरी काळजी घ्यावी लागते. समजा, बुधवार ते मंगळवारऐवजी शनिवार ते शुक्रवार असा आठवडा करायचा आहे. शेवटचा जुना आठवडा मंगळवारी संपतो, आणि मधले बुधवार, गुरुवार व शुक्रवार कोणत्याच आठवड्यात बसत नाहीत. या तीन दिवसांचा स्वतंत्र, आखूड हिशोब म्हणून स्पष्ट नोंद करावी. कोडने ती फट आपोआप बुजवू नये. एखाद्या बाईच्या तीन दिवसांच्या वेचणीचे पैसे या फटीत जातात, आणि ते का गेले हे तिला कोणीही समजावून सांगू शकत नाही.

दूध संकलनात अनेक ठिकाणी बिल दहा दिवसांचे असते: १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. शेवटचा भाग फेब्रुवारीत ८ किंवा ९ दिवसांचा, तर ३१ दिवसांच्या महिन्यात ११ दिवसांचा होतो. हा आठवडा नाहीच. त्याला आठवड्याच्या कोडमध्ये कोंबू नये.

तपासणी: वर्षातील प्रत्येक तारीख घेऊन ती नेमक्या एकाच हिशोबात येते का, हे कोडकडूनच मोजून घ्यावे.

## टप्पा ५: आठवडी बाजार

बाजाराचा दिवस सुट्टी नसतो आणि साधा कामाचा दिवसही नसतो. गावातील दुकानासाठी तो सर्वाधिक गर्दीचा, शेतातील कामासाठी बहुधा रिकामा, आणि पतसंस्थेच्या दैनिक ठेव गोळा करणाऱ्यासाठी सर्वांत महत्त्वाचा दिवस असतो. म्हणून त्याला 'खूण' म्हणून साठवावे, गावाला जोडावे, आणि त्या खुणेचा अर्थ प्रत्येक संस्थेने आपापला ठरवावा. एका संस्थेला अनेक गावांचे बाजार जोडता आले पाहिजेत.

## टप्पा ६: दिवस कुठे संपतो, हे ठरवा

येथे दोन चुका होतात. पहिली तांत्रिक आहे. बुधवारची तारीख मध्यरात्रीच्या वेळेसह साठवली आणि सर्व्हरने ती जागतिक प्रमाणवेळेत बदलली, तर ती मंगळवार १८:३० होते, कारण भारतीय वेळ साडेपाच तासांनी पुढे आहे. मग बुधवारचा बाजार मंगळवारी दिसतो. सुट्टी, बाजार आणि हजेरी यांच्यासाठी वेळ नसलेला, केवळ तारखेचा प्रकार वापरावा.

दुसरी चूक शेतीपंपाच्या विजेच्या वेळापत्रकात दिसते. दिवसपाळी आणि रात्रपाळी चक्राकार असते, आणि रात्रपाळी दोन वारांवर पसरते. 'शुक्रवारी रात्री १२ वाजता' असे लिहिले, तर ओलिताला जाणारा शेतकरी एका वेळेस येतो आणि कोड दुसरी समजतो. आरंभाची तारीख-वेळ आणि कालावधी साठवावा, व पडद्यावर दोन्ही वार लिहावेत: 'शुक्रवार रात्री १० ते शनिवार सकाळी ६'. पंचांगातील वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत धरला जातो; तिथी दाखवायची असल्यास ती केवळ माहिती म्हणून दाखवावी, हिशोब मध्यरात्रीच्या सीमेवरच ठेवावा.

## टप्पा ७: बाहेरच्या प्रदेशाशी व्यवहार

वरुड-मोर्शीची संत्री बांगलादेशात जातात. तेथे साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार असते, आणि रविवार कामाचा असतो. आपली बँक आणि तेथील बँक या दोन्ही खात्रीने उघड्या असतील असे वार सोमवार ते गुरुवार हे चारच उरतात. गुरुवारी दुपारी अडकलेला कागद सोमवारपर्यंत हलत नाही, हे व्यापाऱ्याला सॉफ्टवेअरने आधीच दाखवले पाहिजे. त्यासाठी दोन्ही प्रदेशांचे नियम टप्पा ३ मधील टेबलमध्येच भरावेत आणि दोन्हीकडे खुले असलेले दिवस काढावेत.

सुट्टीसाठी 'आरंभ-वार' आणि 'शेवट-वार' असे दोन रकाने करू नयेत. ब्रुनेईत सरकारी कार्यालये शुक्रवारी आणि रविवारी बंद असतात, मधला शनिवार चालू असतो. देश नियम बदलतातही: सौदी अरेबियाने २०१३ मध्ये गुरुवार-शुक्रवारऐवजी शुक्रवार-शनिवार केले, आणि संयुक्त अरब अमिरातीने १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार स्वीकारून शुक्रवार अर्धा ठेवला. लायब्ररी जुनी असेल, तर तिच्यातील माहितीही जुनीच असते.

## टप्पा ८: आठवड्याचा क्रमांक, शक्यतो टाळा

आयएसओ पद्धतीत आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षाचा पहिला गुरुवार ज्यात येतो तो पहिला आठवडा ठरतो. भारतासाठीच्या सीएलडीआर माहितीनुसार आठवडा रविवारी सुरू होतो आणि १ जानेवारी ज्यात येते तोच पहिला. त्यामुळे १ जानेवारी २०२७ हा शुक्रवार एका पद्धतीत २०२६ चा ५३ वा आठवडा आहे, तर दुसरीत २०२७ चा पहिला. तारीख छापण्याच्या साच्यात वर्षासाठी मोठे वाय अक्षर (YYYY) वापरले, तर अनेक लायब्ररी आठवड्याचे वर्ष छापतात, आणि २७ डिसेंबर २०२६ ची पावती २०२७ ची म्हणून निघते. छोटे वाय (yyyy) वापरावे, आणि अहवालावर क्रमांकाऐवजी 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असे लिहावे.

दर दोन आठवड्यांनी येणाऱ्या कामांतही हाच धोका आहे. दिनदर्शिकेतील नोंदी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यासाठीच्या आयकॅलेंडर मानकात आठवड्याचा आरंभ न सांगितल्यास सोमवार धरला जातो. पशुवैद्यकाची भेट 'एक आठवडा सोडून, मंगळवार आणि रविवार' अशी ठेवली, तर आरंभ सोमवार की रविवार यावरून तारखा बदलतात. आरंभ-वार स्पष्ट लिहावा.

## टप्पा ९: सुरू करण्यापूर्वीच्या तारखा

पुढील तारखा कोडला देऊन उत्तर पाहावे.

- ३१ जानेवारी २०२६: पाचवा शनिवार, साप्ताहिक नियमाने बँक चालू.
- ७ आणि १४ फेब्रुवारी २०२६: पहिली चालू, दुसरी बंद.
- १५ ऑगस्ट २०२६: तिसरा शनिवार, साप्ताहिक नियमाने चालू, पण राष्ट्रीय सुट्टीमुळे बंद. कारणाच्या रकान्यात सुट्टीचेच नाव आले पाहिजे.
- १५, २२ आणि २९ फेब्रुवारी २०२०: राज्य शासनाचे कार्यालय अनुक्रमे चालू, बंद, बंद.
- २७ डिसेंबर २०२६ ते ३ जानेवारी २०२७: प्रत्येक तारखेची पावती योग्य वर्षाची.

त्यानंतर येत्या महिन्याचा तक्ता कागदावर छापावा, त्यात बंद दिवस, अर्धे दिवस, बाजाराची खूण आणि हिशोबाच्या सीमा दाखवाव्यात, आणि तो हजेरी ठेवणाऱ्याच्या हाती देऊन त्याच्या वहीशी ओळीने ताडून घ्यावा. एक पूर्ण हिशोब-आठवडा वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालवावेत. दोन्हींची बेरीज जुळल्यावरच वही बंद करण्यास सांगावे.